शीतपेय, सण आणि स्मरणरंजन : एका जाहिरात-परंपरेचा अर्थविचार

१. प्रश्नाचे स्वरूप

शब्द आणि अर्थ ह्यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरचे प्रतिपादन भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास प्रथमपासूनच परिचित असते. परंतु एकदा रूढ झालेला संबंध भाषकाला मात्र यादृच्छिक वाटत नाही. 'पाणी' ह्या ध्वनिसमूहातच काही ओलावा आहे, अशीच त्याची भावना असते. यादृच्छिकाचे असे स्वाभाविकात रूपांतर कसे होते, हा अर्थविचारातील एक मूलभूत प्रश्न होय. भाषेच्या क्षेत्रात त्याचा छडा लावणे कठीण जाते. कारण तेथे हे रूपांतर अनामिकपणे आणि शतकानुशतके चाललेले असते, आणि त्याचा आरंभ आपल्या हाती लागत नाही.

जाहिरातीच्या क्षेत्रात परिस्थिती वेगळी आहे. तेथे वस्तू आणि अर्थ ह्यांचा संबंध कोणी, केव्हा आणि कोणत्या हेतूने जोडला, हे पुष्कळदा सांगता येते. म्हणून अर्थ कसा रूढ होतो हे पाहण्यासाठी जाहिरात ही एक उत्तम प्रयोगशाळा आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील कोका-कोला ह्या शीतपेयाच्या नाताळच्या जाहिराती विचारार्थ घेतल्या आहेत. बर्फाळ हिवाळ्यातील एक घरगुती सण आणि बर्फ घालून प्यावयाचे एक थंड पेय ह्यांचा परस्परांशी काहीच संबंध नसताना तो कसा जडला, आणि आज तो तोडू गेल्यास लोकांना परंपराभंग झाल्यासारखे का वाटते, हे येथे पाहावयाचे आहे.

तुलनेसाठी आपल्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हे आणि आंब्याची डाळ देण्याची चाल महाराष्ट्रात आहे. येथेही पेय, सण आणि घर ह्यांचे साहचर्य आहेच. परंतु त्यामागे एक ऋतुसिद्ध कारण आहे. चैत्रात कैरी येते, ऊन तापू लागते, आणि ऊन बाधू नये म्हणून पन्हे पितात. विधीने येथे निसर्गातील एका संबंधाला मान्यता दिली, एवढेच. कोका-कोला आणि नाताळ ह्यांच्या बाबतीत ऋतू अनुकूल तर नव्हताच, उलट प्रतिकूल होता. तेथील साहचर्य संपूर्णपणे रचलेले आहे, आणि म्हणूनच ते अभ्यासास अधिक उपयुक्त आहे.

२. साहचर्याचा आरंभ

कोका-कोलाचा जन्म १८८६ साली अटलांटा शहरात, जॉन पेंबर्टन ह्या औषधनिर्मात्याच्या हातून झाला. आरंभी ते औषधांच्या दुकानांतील सोड्याच्या विभागात पेल्याने विकले जाई. लोक ते मुख्यतः उन्हाळ्यात पीत. हिवाळ्यात विक्री मंदावे, हा कंपनीपुढील नित्याचा प्रश्न होता. १९२२ साली कंपनीने 'तहानेला ऋतू नसतो' अशा आशयाचे घोषवाक्य प्रचारात आणले. हे वाक्य आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण ते उघड विधान आहे, युक्तिवाद आहे. तहान बारमाही असते, पेय तहान भागवते, म्हणून पेय बारमाही प्यावे, असे त्याचे अनुमान आहे. परंतु युक्तिवादाला प्रतिवाद संभवतो. हिवाळ्यात तहान लागते हे खरे. पण ती गरम चहा-कॉफीने भागत नाही काय? अशी शंका वाचक घेऊ शकतो. पुढील दहा वर्षांत ह्या युक्तिवादाची जागा चित्राने घेतली, आणि चित्राला असा प्रतिवाद करता येत नाही.

१९३० सालच्या डिसेंबरात फ्रेड मायझन ह्या चित्रकाराने काढलेल्या एका जाहिरातीत सेंट लुईसमधील एका मोठ्या दुकानात, गर्दीच्या मध्यभागी, सांताक्लॉज हे पेय पिताना दाखविला होता. परंतु तो सांताक्लॉजच्या वेषातील दुकानाचा नोकर होता. १९३१ साली डार्सी जाहिरातसंस्थेतील आर्ची ली ह्यांनी वेषधारी मनुष्याऐवजी प्रत्यक्ष सांताक्लॉजच दाखवावा, असे ठरविले, आणि ते काम हॅडन संडब्लॉम ह्या चित्रकारावर सोपविले. तेव्हापासून १९६४ पर्यंत, तेहेतीस वर्षे, संडब्लॉम हे सांताक्लॉज रंगवीत राहिले. ती चित्रे 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट', 'लेडीज होम जर्नल' ह्यांसारख्या घरोघरी जाणाऱ्या नियतकालिकांतून प्रसिद्ध होत.

येथे एका प्रचलित गैरसमजाचे निराकरण करणे अवश्य आहे. सांताक्लॉजला तांबडा पोशाख कोका-कोलाने दिला, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका कवितेने आणि १८६३ पासून टॉमस नास्ट ह्यांनी 'हार्पर्स वीकली'तून काढलेल्या चित्रांनी त्याचे गुबगुबीत, दाढीधारी रूप बऱ्याच अंशी निश्चित केले होते. तांबड्या पोशाखातील सांताक्लॉजही विसाव्या शतकाच्या आरंभी सर्वत्र दिसत असे. इतकेच नव्हे, तर 'व्हाइट रॉक' ह्या कंपनीने १९१५ साली खनिज पाण्याच्या आणि १९२३ साली जिंजर एलच्या जाहिरातीत त्याचा उपयोग करून घेतला होता. तात्पर्य, कोका-कोलाने चिन्ह निर्माण केले नाही. ते लोकांच्या मालकीचे होते. तिने केले ते एवढेच, की त्या चिन्हाचे एक विशिष्ट रूप निवडून ते तेहेतीस वर्षे अखंड पुनरावृत्त केले. भाषेतही नवा शब्द घडविणाऱ्यापेक्षा जुन्या शब्दाला रूढी देणाऱ्याचा प्रभाव अधिक असतो, हे येथे लक्षात घ्यावे.

३. दुकानातून घरात

संडब्लॉमच्या चित्रांतील स्थळ पाहण्यासारखे आहे. मायझनचा सांताक्लॉज दुकानात होता. संडब्लॉमचा सांताक्लॉज घरात येतो. तो आरामखुर्चीत बसतो, मुलांनी त्याच्यासाठी ठेवलेली बाटली उचलतो, घरातील रेफ्रिजरेटर उघडून पाहतो. सांताक्लॉजसाठी रात्री दूध आणि बिस्किटे ठेवण्याचा प्रघात अमेरिकन घरांतून आहे. चित्रकाराने त्या प्रघाताची चौकट तशीच ठेवून त्यातील एक पद तेवढे बदलले, आणि दुधाच्या जागी बाटली आणली. व्याकरणाच्या परिभाषेत ह्याला स्थानापत्ती म्हणता येईल. 'स्थानी' गेला की 'आदेशा'ला सामान्यतः त्याचे गुणधर्म प्राप्त होतात, असे पाणिनीय संप्रदाय मानतो. येथेही दुधाचे वात्सल्य आणि निर्दोषत्व आपोआप बाटलीकडे आले.

ह्या गृहप्रवेशामागे व्यापारी कारण होते. सहा बाटल्यांची, हाती धरून घरी नेता येणारी पुठ्ठ्याची पेटी कंपनीने १९२३ साली काढली होती. पेय दुकानात पेल्याने पिण्याऐवजी घरी साठवून ठेवावे, ही सवय लावावयाची होती. घरगुती रेफ्रिजरेटरचा प्रसारही त्याच सुमारास होत होता. साठवणाची वस्तू घरातील सर्वांची असते, आणि तिच्या खरेदीचा निर्णय बहुधा गृहिणीचा असतो. अशा वेळी पेयाला 'तरतरी आणणारे' असे विशेषण पुरत नाही. ते 'आपल्या घरातले' असावे लागते. कुटुंबमूल्ये जाहिरातीत आली ती ह्या वाटेने.

मुलांचा प्रश्न अधिक नाजूक होता. पेयातील कॅफीनच्या प्रश्नावरून अमेरिकन सरकारने भरलेला खटला १९११ साली चट्टनूगा येथे चालला होता. अशा पार्श्वभूमीवर, अनेक चित्रांत मूल बाटली देताना दिसते आणि पितो तो सांताक्लॉज, ही रचना अर्थपूर्ण ठरते. मूल येथे ग्राहक नाही, यजमान आहे. पेय पिण्याच्या क्रियेचे रूपांतर देण्याच्या क्रियेत झाले आहे.

हे कुटुंब किती काळजीपूर्वक रचलेले होते, ह्याची दोन उदाहरणे कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या इतिहासात आढळतात. चित्रांतील मुलांसाठी संडब्लॉमच्या शेजारच्या दोन मुली नमुना म्हणून घेतल्या होत्या. परंतु चित्रात त्यांपैकी एकीचा मुलगा करण्यात आला. एक मुलगा आणि एक मुलगी हे आदर्श कुटुंब वास्तवात समोर नव्हते. ते कुंचल्याने पुरे केले गेले. दुसरे उदाहरण वाचकांच्या बाजूचे आहे. एका वर्षी सांताक्लॉजच्या बोटात लग्नाची अंगठी दिसेना, तेव्हा 'त्याच्या पत्नीचे काय झाले?' अशी विचारणा करणारी पत्रे कंपनीकडे आली. म्हणजे वाचक ह्या चित्रांकडे जाहिरात म्हणून पाहत नव्हते. एका परिचित घरातील वार्ता म्हणून पाहत होते.

४. वाच्य आणि व्यंग्य

आता ह्या साहचर्याचे अर्थदृष्ट्या स्वरूप पाहू. भर्तृहरीने वाक्यपदीयाच्या दुसऱ्या कांडात अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणारी जी कारणे सांगितली आहेत, त्यांत संसर्ग, विप्रयोग आणि साहचर्य ह्यांची गणना आहे. 'राम' हा शब्द लक्ष्मणाच्या साहचर्यात आला, म्हणजे तो परशुराम किंवा बलराम नसून दशरथपुत्र राम होय, असे आपण समजतो. येथे साहचर्य नवा अर्थ निर्माण करीत नाही. अनेक संभाव्य अर्थांतून एकाची निवड करते. जाहिरातीतील साहचर्याचे कार्य ह्याच्या पुढे जाते. बाटलीला मुळात 'वात्सल्य' हा अर्थ नाही. सांताक्लॉज, मुले आणि दिव्यांनी सजलेले झाड ह्यांच्या नित्य सहवासाने तो तिला प्राप्त होतो.

तो प्राप्त होतो तो मात्र व्यंजनेने. 'हे पेय घेतल्याने कुटुंबात प्रेम नांदते' असे विधान कोणत्याही जाहिरातीत नाही. तसे ते केले असते, तर हास्यास्पद ठरले असते. वाच्यार्थ खोटा ठरविता येतो. व्यंग्यार्थाचे तसे नाही, कारण तो वक्त्याने उच्चारलेलाच नसतो. तो श्रोत्याने स्वतःच्या अनुभवातून पुरा केलेला असतो, आणि स्वतः पुरा केलेल्या अर्थाविषयी मनुष्य सहसा शंका घेत नाही. काव्यात ध्वनीला जे सामर्थ्य आहे, तेच येथे विक्रीच्या कामी लावलेले आढळते. रोलाँ बार्थ ह्यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या 'मायथॉलॉजीज' ह्या ग्रंथात, इतिहासाने घडविलेल्या गोष्टीला निसर्गाचे रूप देणे हे आधुनिक मिथकाचे कार्य होय, असे जे प्रतिपादन केले आहे, त्याचा आशय हाच आहे.

५. एका जाहिरातपटाचे व्याकरण

दूरचित्रवाणीच्या काळात ह्या परंपरेने नवी रूपे घेतली. १९९३ साली हिमप्रदेशातील पांढरी अस्वले उत्तर ध्रुवाकडील प्रकाश पाहत पेय पिताना दाखविण्यात आली. त्यानंतर १९९५ साली दिव्यांनी उजळलेल्या तांबड्या मालमोटारींचा तांडा बर्फाळ प्रदेशातून गावाकडे येत असल्याचा जाहिरातपट निघाला. अमेरिकेत आणि विशेषतः ब्रिटनमध्ये तो इतका रुजला, की तो दिसू लागला म्हणजे नाताळ आला, असे लोक म्हणू लागले.

त्यातील गीताचे पद 'सणाचे दिवस येत आहेत' अशा आशयाचे असून ते पुनःपुन्हा घोळविलेले आहे. ह्या लहानशा वाक्याचे व्याकरण पाहण्याजोगे आहे. पहिली गोष्ट ही, की त्यात 'नाताळ' हा शब्द नाही. तेथे योजलेल्या शब्दाचा मूळ अर्थ 'पवित्र दिवस' असा होता. कालांतराने 'पवित्र' हा अंश झिजून 'सुटीचे दिवस' एवढाच अर्थ उरला. अमेरिकन प्रयोगात त्याच्या अनेकवचनात नाताळापासून नववर्षापर्यंतचा सारा काळ सामावतो. त्यामुळे धर्म कोणताही असला तरी श्रोता वाक्याबाहेर राहत नाही. घर मात्र प्रत्येकाला असते, म्हणून वाक्याचा रोख आपोआप घराकडे वळतो.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. 'येणे' ही क्रिया अकर्मक आहे. सणाचे दिवस कोणी आणीत नाही. ते आपण होऊन येतात. परंतु कानांवर हे वाक्य पडत असताना डोळ्यांसमोर येताना दिसतात त्या मालमोटारी. कर्त्याचे पद ध्वनीत एक आणि दृश्यात दुसरे, क्रिया मात्र एकच. त्यामुळे दोन्ही कर्त्यांत सामानाधिकरण्य उत्पन्न होते. मालमोटारी म्हणजेच सणाचे दिवस, हे समीकरण कोणीही न उच्चारता सिद्ध होते. संडब्लॉमच्या चित्रांत पेय सणाला हजर असे. येथे पेयच सण घेऊन येते. पाहुणा यजमान झाला आहे.

६. स्मरणरंजनाची मोहर

ह्या संबंधाला अखेरची दृढता येते ती स्मरणरंजनाने. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ साली योहानेस होफर ह्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझल येथील आपल्या प्रबंधात घडविला. 'घरी परतणे' आणि 'वेदना' अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो सिद्ध केला असून त्याचा मूळ अर्थ 'घराच्या ओढीने जडलेला रोग' असा होता. पुढे त्यातील रोग गेला, आणि स्थळाची ओढ काळाची ओढ झाली. गेलेल्या घराऐवजी गेलेले दिवस आठवू लागले, आणि वेदनेच्या जागी एक प्रकारचे सुख आले. आपल्याकडे रूढ झालेल्या 'स्मरणरंजन' ह्या प्रतिशब्दात तर वेदनेचा मागमूसही नाही. त्यात आहे ते रंजन. अर्थपरिवर्तनाचा हा शेवटचा टप्पाच जाहिरातीला उपयोगी पडतो. स्वेतलाना बॉइम ह्यांनी २००१ सालच्या आपल्या ग्रंथात गतकाळ पुन्हा उभारू पाहणारे आणि गतकाळाविषयी चिंतन करणारे असे स्मरणरंजनाचे दोन प्रकार कल्पिले आहेत. जाहिरातीत बहुधा पहिलाच आढळतो. हरवलेले काही आहे, ह्याची खंत ती क्षणमात्र जागवते, आणि ते परत मिळण्याजोगे आहे असे लगेच सुचविते.

येथे दोन अवस्था वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिल्या अवस्थेत जाहिरात घराची स्मृती उसनी घेते. १९३१ सालचा वाचक आर्थिक मंदीच्या ऐन भरात होता. त्याला संडब्लॉमची ऊबदार खोली पाहून आपले बालपण, किंवा निदान आपल्याला हवे होते ते बालपण, आठवत असे. त्या स्मृतीत कोका-कोला नव्हते; चित्राने ते तेथे नेऊन ठेवले. दुसऱ्या अवस्थेत जाहिरातच स्मृतीचा विषय होते. १९९५ साली जी मुले होती, ती आज पालक झाली आहेत. त्यांच्या बालपणीच्या नाताळात आईवडील, भेटवस्तू आणि मालमोटारींचा तांडा हे सारे खरोखरच एकत्र होते. त्यांच्या दृष्टीने हे साहचर्य आता रचलेले राहिलेले नाही. ते अनुभवसिद्ध आहे. यादृच्छिक संबंध स्वाभाविक झाला, असे ह्या क्षणी म्हणता येते. ह्यास सुमारे दोन पिढ्या लागल्या, आणि त्याची प्रत्येक पायरी आपणांस दाखविता येते, हे ह्या उदाहरणाचे विशेष मोल होय.

७. एक आक्षेप

ह्यावर असा आक्षेप घेतला जाईल, की ह्यात बिघडले काय? सणाचा आनंद खरा असतो, कुटुंबाचे प्रेम खरे असते. एखाद्या पेयाने त्याच्या कडेला आपले नाव लिहून घेतले, म्हणून ते खोटे होत नाही. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर ह्यांनी संपादिलेल्या १९८३ सालच्या ग्रंथाने तर पुष्कळ पूज्य परंपराही अलीकडच्या काळात रचलेल्या आहेत, हे दाखवून दिले आहे. मग जाहिरातीलाच दोष का द्यावा?

ह्या आक्षेपात तथ्य आहे, आणि आनंद खोटा आहे असे प्रस्तुत लेखकाचेही म्हणणे नाही. परंतु रचलेल्या परंपरेविषयी दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. तिचा धनी कोण, आणि तिच्या आड काय दिसेनासे होते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते. ३३० मिलिलिटरच्या नेहमीच्या डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ मनुष्याने अशी साखर एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी ठेवावी, आणि शक्य तर पाच टक्क्यांहून, म्हणजे दिवसाकाठी सुमारे २५ ग्रॅमहून, कमी ठेवावी. ब्रिटनमध्ये कंपनीची सजविलेली मालमोटार प्रत्यक्ष गावोगावी फिरू लागली, तेव्हा २०१७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधून सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी तिच्यावर टीका केली. ह्या टीकेपुढील अडचण भाषिक आहे. टीकाकार पेयाविषयी बोलत असतो, श्रोत्याला मात्र तो नाताळाविषयी बोलतो आहे असे वाटते. साखरेवरील आक्षेप सणावरील आक्षेप ठरतो, आणि आक्षेप घेणारा रसभंग करणारा ठरतो. साहचर्य पक्के झाले म्हणजे वस्तूविषयी वेगळे बोलण्यास भाषेत जागाच उरत नाही, ही ह्या प्रकरणातील खरी हानी होय.

८. उपसंहार

पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे परंपरेच्या धन्याविषयीच्या प्रश्नाचे, उत्तर २०२४ साली अनपेक्षितपणे मिळाले. त्या वर्षी कंपनीने मालमोटारींचा तो जाहिरातपट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने नव्याने तयार करविला. तो निर्जीव आहे, त्यात नाताळाची ऊब नाही, अशी टीका मोठ्या प्रमाणावर झाली. २०२५ सालीही कंपनीने तोच मार्ग अनुसरला, आणि टीकाही पुन्हा झाली. ज्या परंपरेचा भंग झाला म्हणून लोक हळहळले, ती अवघ्या तीस वर्षांपूर्वीची एक विक्रीची योजना होती. परंतु त्यांची हळहळ कृत्रिम नव्हती. कारण त्यांनी आपल्या बालपणाचा एक अंश त्या योजनेत ठेव म्हणून ठेवला होता, आणि ठेव कोणाकडे आहे हे त्यांस ह्या निमित्ताने प्रथमच जाणवले. लोककथेला नवे रूप देण्याचा अधिकार लोकांना असतो. ह्या परंपरेत तो अधिकार कंपनीकडे आहे, आणि लोकांकडे केवळ स्मृती आहे.

अर्थविचाराच्या दृष्टीने ह्या विवेचनातून एवढे निष्पन्न होते. यादृच्छिक संबंध स्वाभाविक होण्यास तीन गोष्टी लागतात : पूर्वीच रूढ असलेली, सर्वांच्या मालकीची चिन्हे, त्यांत एखाद्या पदाची केलेली स्थानापत्ती, आणि स्मृती बनण्याइतकी दीर्घ व नियमित पुनरावृत्ती. सण दरवर्षी नेमाने येत असल्यामुळे ही तिसरी गोष्ट तो आयतीच पुरवितो. म्हणूनच जाहिरातीला सणाचे इतके आकर्षण आहे. आपल्याकडेही गणेशोत्सव आणि दिवाळी ह्यांच्या जाहिरातींतून घर, आईवडील आणि गावाची वाट ह्यांचे चित्रण आता वर्षानुवर्षे होत आहे. त्यांपैकी कोणती साहचर्ये पन्ह्यासारखी ऋतूतून आलेली आहेत आणि कोणती आज आपल्या डोळ्यांदेखत रचली जात आहेत, ह्याची वर्षवार नोंद ठेवण्याचे काम विभागातील विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे आहे. एकदा ती साहचर्ये स्मृतीत मुरली, म्हणजे त्यांचा आरंभ शोधणे आजच्याइतके सोपे राहणार नाही.